घास टाकलाय

१

निवृत्तीनंतरची माझी दिनचर्या मीच आखून घेतलेली आहे आणि तिच्यात बदल मला खपत नाही. सकाळी दहाच्या सुमारास, पेपर वाचून झाला की, मी नगरच्या सावेडीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत जातो. तिथे जात्यावरच्या ओव्यांच्या एकशे बारा कॅसेट आहेत, त्यांच्या सूचीची सहा रजिस्टरे आहेत आणि एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दोन तास मी ऐकतो, पेन्सिलीने टिपणे काढतो आणि बाराला खाली येऊन जेवतो. पत्नी गेल्यापासून घरात दुसरे कोणी नाही, त्यामुळे या वेळात मला कोणी हाक मारत नाही.

गेल्या जूनमध्ये खोलीत एका रेकॉर्ड प्लेअरची भर पडली. तो अमृतने आणून दिला.

अमृत केडगावला राहतो. वय छत्तीस. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर आहे. आठवडाभर लेथवर लोखंड फिरवतो आणि सुटीच्या दिवशी ‘फेरा’ या नावाने संगीत करतो. या संगीताला डीप हाऊस आणि टेक्नो म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळले. त्याच्या तबकड्यांवर त्याचे नाव नसते, फोटो नसतो. प्रत्येकीच्या तीनशेच प्रती निघतात आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी जातात. तो एकदा म्हणाला होता, “तिकडं लोक माझी तबकडी शोधत फिरतात, सर. आणि इकडं आई विचारते, मिक्सर चालू राहिलाय का.”

दोन वर्षांपूर्वी वाचनालयातल्या माझ्या एका व्याख्यानानंतर तो मला भेटला. मी त्या दिवशी श्रमगीतातील पुनरावृत्तीविषयी बोललो होतो. एकच हालचाल हजार वेळा करणाऱ्या शरीराला एकच चाल हजार वेळा लागते, असा माझा मुद्दा होता. श्रोत्यांत दहा-बारा निवृत्त माणसे होती. एकट्या अमृतला तो मुद्दा स्वतःच्या धंद्याचा वाटला. मला त्याचे फार अप्रूप वाटले. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झाले त्यात या अप्रूप वाटण्याचा वाटा आहे. मी त्याला माझ्या कॅसेटच्या प्रती करून घेऊ दिल्या.

जूनमध्ये त्याने आणलेली ‘फेरा तीन’ ही त्या कॅसेटमधून जन्मलेली पहिली तबकडी. एका बाजूला डीप हाऊस : संथ, खोल, पाण्याखालून आल्यासारखे, त्यात एका बाईची ओवी इतकी ताणलेली की शब्द कळत नव्हते, नुसता श्वास कळत होता. दुसऱ्या बाजूला टेक्नो, मिनिटाला एकशे तेहतीस ठोके. आणि त्या बाजूच्या अखेरीस, कागदी लेबलाला लागून, एक बंद खाच. एरवी सुई शेवटच्या खाचेत गेली की गाणे संपते. ही खाच मात्र स्वतःलाच येऊन मिळत होती. सुई तिच्यात गेली की कोणी उचलेपर्यंत एकच आवाज फिरत राहणार : रिकाम्या जात्याची घरघर.

“ह्याच्यात मी काहीच केलेलं नाही, सर,” अमृत म्हणाला. “तबकडीचा एक फेरा एक पूर्णांक आठ सेकंदांचा. तुमच्या बाईंच्या जात्याचा फेरा मोजला, तर तोही तेवढाच. ओढूनताणून बसवावा नाही लागला. लेथवर असं फिटिंग मला आजवर बसलेलं नाही.”

पुढच्या, म्हणजे चौथ्या तबकडीच्या वेष्टनावर माझी टीप छापायची असे ठरले. शिवाय तिच्या सुरुवातीला माझ्याच आवाजात दोन वाक्ये हवीत, असा त्याचा आग्रह होता. मी नको नको म्हणालो, जसे म्हणण्याची रीत आहे.

२

ती बाई म्हणजे बनुबाई. कॅसेट क्रमांक एकेचाळीस, फेब्रुवारी १९९३, जामखेड तालुका. खर्ड्याच्या अलीकडे, किल्ल्याचा बुरूज नजरेच्या टप्प्यात येतो तिथली एक वस्ती. बनुबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. चाळीस मिनिटे त्या दळत होत्या आणि गात होत्या. त्यानंतर दोन मिनिटे चाळीस सेकंद नुसते जाते फिरते आहे, आणि त्या जात्यात दाणे नाहीत.

रिकामे जाते फिरवू नये, हा निषेध आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी जात्याशी खेळताना ज्याने पाठीत धपाटा खाल्ला नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा. माझ्या प्रबंधग्रंथात या निषेधावर एक प्रकरण आहे. त्यात पृष्ठ एकशे बारावर तिसरी तळटीप अशी : ‘प्रत्यक्ष व्यवहारात हा निषेध काटेकोरपणे पाळला जात नाही, असे निरीक्षणास आले. पाहा : ध्वनिफीत ४१, निवेदक : एक शेतकरी स्त्री.’ ही तळटीप पुष्कळ उद्धृत झाली. श्रद्धेचे शब्द आणि श्रद्धेचे वर्तन यांत अंतर असते, या माझ्या सिद्धान्ताचा तो एकमेव प्रत्यक्ष पुरावा होता. त्याच सिद्धान्ताने मला पुढे विभागप्रमुख केले.

अमृतने प्रती करून घेताना विचारले होते, की या बाईंची परवानगी घ्यायला नको का. मी म्हणालो, “त्या आता हयात नसाव्यात.”

मी चौकशी केलेली नव्हती. ‘नसाव्यात’ हे क्रियापद अभ्यासकाचे आहे; त्यात खोटे बोलल्याचे बालंट येत नाही.

३

पहिले तीन-चार दिवस मी तबकडीची ती बाजू रोज एकदा ऐकली आणि बंद खाच आली की मिनिटभर तशीच फिरू दिली. पाचव्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमारास, मला आवाज वेगळा वाटला.

रिकाम्या आणि भरल्या जात्याच्या आवाजात फरक कसा असतो, हे मी आयुष्यभर ऐकले आहे. दगडावर दगड फिरतो तेव्हा आवाज कोरडा असतो, त्याला वरून एक बारीक किणकिण असते. दाणे पडले की ती किणकिण विझते. आवाज भरड होतो, खाली उतरतो, आणि फेऱ्याच्या एका ठिकाणी, हात अंगाकडे येतो तिथे, किंचित अडखळतो. तोंडात घास घेतलेल्या माणसाचा आवाज बदलावा, तसा.

तबकडीवरचे जाते किणकिणत नव्हते.

मी अमृतला फोन केला. तो हसला. सुई खाच खाते, सर, असे त्याने समजावून सांगितले. नेहमीच्या तबकडीत सुई एकेका जागेवरून एकदाच जाते. बंद खाचेत ती त्याच दोन वितींच्या वाटेवरून मिनिटाला तेहतीस वेळा जाते. वरचे बारीक सूर आधी झिजतात. थोडा काळा भुगाही सुईला लागेल, तो ब्रशने काढायचा. हे स्पष्टीकरण इतके पुरेसे होते की मला स्वतःची थोडी लाज वाटली.

“सर, तुमचा आवाज तुटतोय मधेमधे,” शेवटी तो म्हणाला. “रेंज बघा जरा.”

दुपारी मी ब्रश घेऊन बसलो. सुईला भुगा लागलेला होता. लेबलाच्या कडेनेही एक बारीक वर्तुळ साचले होते. ते मी बोटाने पुसले आणि बोट खिडकीच्या उजेडात धरले. भुगा काळा नव्हता. या खोलीच्या छताचा पोपडा दोन-तीन ठिकाणी सुटलेला आहे, हे मी स्वतःला सांगितले. चव घेऊन पाहणे मी टाळले. तसे पाहिले तर माझ्यासारख्याला पीठ ओळखायला चव लागत नाही.

४

शंका आली की मूळ साधनाकडे जावे, हे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे शिकवले. दुसऱ्या दिवशी मी कॅसेट एकेचाळीस लावली.

शेवटची ओवी आली. ती मला पाठच आहे :

दाणं गं सरलं, हात खुंट्याचा सोडावा
भुकेल्या जात्याला बोल आपला न द्यावा

ग्रंथात मी या ओवीचा अर्थ ‘सासरी उलट न बोलण्याचा उपदेश’ असा लावला आहे. त्यावर दीड पान लिहिले आहे.

ओवीनंतर पाच-सहा सेकंद शांतता आणि मग रिकाम्या जात्याची घरघर. मूळ फितीवर तिची किणकिण शाबूत होती. तेवढ्यापुरते मला हायसे वाटले. मग लक्षात आले, की त्या शांततेत शांतता असायला नको होती. तिथे मी बोललेलो आहे. तिथे माझी दोन वाक्ये आहेत.

ती कोणती, हे आता लिहिले पाहिजे.

त्या दिवशी दळताना बनुबाईंना घास टाकायला थांबावे लागू नये, गाणे सलग मिळावे, म्हणून सूप मी माझ्याजवळ घेऊन बसलो होतो. घास मी टाकतो, तुम्ही नुसते फिरवा, असे ठरले होते. घास म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायची मूठभर ज्वारी. त्यांनी जात्याकडे पाहू नये, माईककडे तोंड ठेवावे, हेही मीच सांगितले होते. दाणे संपले. त्यांनी ती शेवटची ओवी म्हटली आणि खुंट्यावरचा हात काढला. मला नुसत्या दगडाचा स्वच्छ आवाज हवा होता, आणि त्याहून जास्त एक निष्कर्ष हवा होता, कारण प्रबंधात नवे असे काही निघत नव्हते. मी त्यांना खुणेने रिकामे फिरवा म्हणून पाहिले. त्यांनी मान हलवली. मग मी रिकामी मूठ जात्याच्या तोंडावर नेली, उघडली आणि म्हणालो, “घास टाकलाय. फिरवा.”

त्यांनी फिरवले. पहिल्या फेऱ्यालाच त्यांना कळले असणार. चाळीस वर्षे दळणाऱ्या बाईला ते न कळणे शक्य नाही. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी ते कधीच विसरून गेलो असतो. घरी आलेल्या शिकलेल्या माणसाचे खोटे आपल्या ओसरीवर उघडे पडू नये, एवढीच काळजी तिच्यात होती. माझी लाज राखण्यासाठी त्या दोन मिनिटे चाळीस सेकंद रिकामे जाते फिरवत राहिल्या, आणि त्याचे मी निरीक्षण केले.

फितीवर ती दोन वाक्ये नव्हती. शांतता होती. फितीची खरखर मात्र अखंड होती. कोणी काही पुसले असते तर ती तुटली असती.

५

त्या आठवड्यात मी सदतीस कॅसेट तपासल्या.

माझी पद्धत अशी होती, की प्रत्येक फितीच्या सुरुवातीला मी चार प्रश्न विचारायचो. नाव सांगा. गाव सांगा. माहेर कुठलं. ओव्या कोणाकडून शिकलात. त्या प्रश्नांतला तरुण, घाईचा, थोडा वरच्या पट्टीतला आवाज मला कधी आवडला नाही, पण तो माझा होता.

आता फितीवर बायका होत्या आणि त्या उत्तरे देत होत्या. कोपरगावाकडची एक बाई थोडी लाजून आपले नाव सांगत होती, थांबत होती, गाव सांगत होती. मधल्या जागेत कोंबडा आरवत होता, लांबून साखर कारखान्याचा भोंगा येत होता, कोणाचे तरी मूल रडत होते. माझ्या प्रश्नांएवढ्या लांबीच्या त्या जागा तशाच होत्या. एक म्हातारी म्हणत होती, “व्हय... न्हाई, न्हाई... आता काय सांगू तुमाला,” आणि हसत होती. समोर कोणीतरी असल्यासारखी ती हसत होती.

मी कारणे मांडली. जुन्या फितीचे चुंबकत्व जाते. माईकचे तोंड बाईकडे असायचे, माझ्याकडे नव्हे. मी सत्तरीचा आहे आणि माझ्या कानांची तपासणी झालेली नाही. ही तिन्ही कारणे योग्य आहेत. पण कोंबड्याकडेही माईकचे तोंड नव्हते.

अमृतकडे प्रती होत्या. त्या कॅसेटच्या नव्हत्या; संगणकातल्या फायली होत्या, आणि फायलींचे चुंबकत्व जात नाही. मी त्याला पाहायला सांगितले. संध्याकाळी तो स्वतःच आला. येताना आईने दिलेला मेथीच्या लाडवांचा डबा घेऊन आला. फायलींत माझा आवाज होता, हे त्याला पक्के आठवत होते. ‘नाव सांगा’ हे दोन शब्द चौथ्या तबकडीत वापरायचे म्हणून त्याने वेगळे काढूनही ठेवले होते. आता ती फाईल उघडली की खरखर ऐकू येत होती.

“मीच खरखर काढता काढता तुम्हाला उडवलं असणार,” तो अपराध्यासारखा म्हणाला. मग त्याला आठवले. “पण खरखर तर राहिलीच आहे.”

त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी उमटले, आणि मी ते घाईने पुसून टाकले. जुन्या साहित्याचे असेच असते, असे म्हणालो. तो म्हणाला, काही हरकत नाही, तुमची दोन वाक्ये नव्याने घेऊ. वेष्टन सोमवारी छपाईला जाणार होते. टिपेचा मजकूर त्याला माझ्या ग्रंथातूनच हवा होता : प्रत्यक्ष व्यवहारात हा निषेध पाळला जात नाही.

“जबरदस्त वाक्य आहे, सर. तिकडच्या लोकांना हेच पाहिजे. आपली माणसं बिनधास्त आहेत म्हणून.”

त्याच क्षणी मी त्याला सांगू शकलो असतो. तो लाडू खात होता, माझ्याकडे आदराने पाहत होता. मी म्हणालो, “शुक्रवारपर्यंत मजकूर देतो.”

६

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी खर्ड्याला गेलो. परवानगी घ्यावी, असे मी स्वतःला कारण दिले होते. बनुबाई नसतील तर वारस असतील. वारसांची सही घ्यावी, ग्रंथाची एक प्रत द्यावी, शाल द्यावी.

वस्ती तशीच होती, पत्रे नवे होते. ओसरीवर साठीकडे आलेली एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती बनुबाईंची लेक कडूबाई. आधीची तीन भावंडे जगली नाहीत, म्हणून हिला मृत्यूने चाखू नये अशा बेताने हे नाव ठेवले गेले. याची नोंद मी १९९३ साली केलेली आहे. नवरा वारल्यावर ती माहेरीच राहिली होती. तिने मला नाव सांगण्याआधी ओळखले.

“या मास्तर. लई दिवस लावले.”

बनुबाई गेल्या होत्या. मी केव्हा म्हणून विचारले.

“आवंदाच की. आखाजीच्या दोन दिस आधी. हिंडती-फिरती हुती, तोंडानं बोलत हुती.” तिने शेंगा बाजूला सारल्या. “तुमची वाट बगायची.”

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलच्या अखेरीस झाली होती. अमृतला मी ‘त्या हयात नसाव्यात’ असे सांगितले तेव्हा बनुबाई या ओसरीवर हिंडत-फिरत होत्या, आणि नगरहून इथे यायला एसटीला अडीच तास लागतात. तबकडी माझ्या खोलीत जूनमध्ये आली.

कडूबाईने चहा केला. मग न विचारता सांगू लागली. मी नेहमीच्या सवयीने पिशवीतून रेकॉर्डर काढला होता. तो तसाच हातात राहिला. त्या दिवसानंतर आईने रोज सकाळी एक मूठ ज्वारी जात्यात टाकली, एवढे तिच्या सांगण्याचे सार. गावात गिरणी आली, दळण गिरणीवर जाऊ लागले, तरी एक मूठ टाकायची, चार फेरे फिरवायचे आणि ते पीठ मुंग्यांना घालायचे. बत्तीस वर्षे. आजारपणातसुद्धा लेकीला हात धरायला लावून.

“आमी हसायचो. म्हनायचो, आये, कुनासाटी दळती एवडंसं? तर म्हनायची, मास्तरासाटी.” कडूबाई माझ्याकडे न पाहता बोलत होती. “ती म्हनायची, मास्तर म्हनला घास टाकलाय, आन घास तर न्हवता. मंग जात्यात गेलं काय? त्येचा बोलच गेला की. जात्याला त्येची गोडी लागंल, म्हनून आपली एक मूठ टाकायची.”

“आणि आता?” मी विचारले.

“आता कोन टाकतंय. माजं गुडगं धरल्यात.”

७

या ठिकाणी, माझी प्रतिष्ठा बिघडवू शकेल असा कोणीही माणूस जवळ नसताना, जिच्या आईने बत्तीस वर्षे माझे खोटे झाकून ठेवले तिच्यासमोर, मला फक्त एक वाक्य म्हणायचे होते. मी ते एसटीत मनातल्या मनात जुळवलेही होते.

मी म्हणालो, “त्या दिवशी बोलण्याच्या नादात दाणे संपल्याचे माझ्या लक्षात आले नाही, कडूबाई. अनवधानाने झाले ते.”

वाक्य चांगले झाले होते. कडूबाईने चहाच्या कपबशा उचलून बाजूला ठेवल्या.

“आसंल,” ती म्हणाली. “मंग आज टाका.”

जाते ओसरीच्या कोपऱ्यात होते, गोणपाटाखाली. तिने गोणपाट काढला, पदराने वरचा दगड पुसला, कशीबशी मांडी मोडून बसली आणि डब्यातली ज्वारी सुपात घेऊन सूप माझ्याकडे सरकवले. बाहेर दुपारचे ऊन होते. बुरूज दिसत होता. कोणीतरी लांब ट्रॅक्टर चालू करायचा प्रयत्न करत होते.

मी मूठ भरली. ज्वारी थंड लागली. मूठ जात्याच्या तोंडावर नेली आणि उघडली. दाणे आत पडताना मी पाहिले, एकूण एक. म्हणालो, “घास टाकलाय. फिरवा.”

कडूबाईने खुंटा धरला.

जात्यातून दगडावर दगड फिरल्याचा आवाज आला. कोरडा, वरून बारीक किणकिण असलेला.

मी जात्याच्या कडेकडे पाहत होतो. चार फेरे झाले, दहा झाले. पीठ आले नाही. मी आणखी एक मूठ टाकली, मग आणखी एक. दाणे तोंडात नाहीसे होत होते आणि कडा स्वच्छ होत्या. फेऱ्याच्या एका ठिकाणी, हात अंगाकडे येतो तिथे, जाते किंचित अडखळत होते. पण आवाज रिकाम्याचाच होता. ते जे चावत होते ती ज्वारी नव्हती.

कडूबाईने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखली. ती तिच्या आईची होती.

मग तिने मान खाली घातली आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी ती फिरवत राहिली. मी सूप खाली ठेवेपर्यंत.

८

खर्ड्याच्या स्टँडवर एसटीला अर्धा तास होता. मी अमृतला फोन लावला आणि सगळे सांगितले. रिकामी मूठ, दोन वाक्ये, तळटीप, ‘हयात नसाव्यात’, आणि अर्ध्या तासापूर्वीचे ‘अनवधानाने’सुद्धा. आयुष्यात इतके सरळ मी कधी बोललो नव्हतो. चार-पाच मिनिटे लागली असतील. शेजारच्या बाकावरची दोन माणसे माझ्याकडे वळून पाहत होती, म्हणजे त्यांना ऐकू जात होते.

बोलून झाल्यावर मी थांबलो.

“हॅलो,” अमृत म्हणाला. “सर? आहात ना?”

मी आहे म्हणालो.

“सर, तुमचं काहीच येत नाहीये. मघापासून नुसती घरघर येतेय.” तो क्षणभर थांबला, ऐकत असावा. “तुमच्याकडं कोणी दळतंय का?”

मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी केडगावला जाऊन त्याला समोरासमोर सांगता आले असते. पण समोरासमोर बसल्यावर मी काय सांगतो, हे मी त्या दुपारी पाहिले होते. म्हणून लिहून देतो आहे. लिहिताना हात अडखळतो, पण शब्द जागेवर राहतात. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिले आहे. वरच्या खोलीतल्या रेकॉर्ड प्लेअरची वायर मी काढून ठेवली आहे. सकाळी दहा ते बारा मी आता खालीच बसतो.

अमृतने वेष्टनावर खालील मजकूर छापावा आणि माझ्या आवाजासाठी थांबू नये. ग्रंथाची प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांनीही पृष्ठ एकशे बारावरील तिसरी तळटीप खोडून तिच्या जागी हे वाचावे :

रिकामे जाते फिरवू नये, हा निषेध पाळला जातो. निवेदक : बनुबाई, वस्ती खर्ड्याजवळ. त्यांनी तो मोडला नाही. त्यांना तसे भासवण्यात आले. घास टाकलेला नव्हता.